खुब्याच्या ऑपरेशननंतरची काठी: एक चार पायांची, एक साधी, आणि कचराळीच्या फेऱ्या

दोन काठ्या घेतल्या मी. पहिली ऑनलाइन, चार पायांची, ११५० रुपयांना. दुसरी दुकानात जाऊन, साधी एका पायाची, ४८० ला. पहिली आता पलंगाशेजारी उभी असते, रात्री उठायला लागलं तर उपयोगी पडते. दुसरीने मला घराबाहेर काढलं, कचराळी तलावापर्यंत नेलं आणि परवा तलावपाळीची, म्हणजे मासुंदा तलावाभोवतीची, अख्खी फेरी झाली, अप्पा (माझे वडील), बायको, लेक सगळ्यांबरोबर. ज्यांच्या घरात कुणाचं खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा होणारे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते आणि बायकोचा जीव टांगणीला लागला नसता.

थोडं माझ्याबद्दल. वय ४६, राहायला ठाण्यात, पाचपाखाडीला. डाव्या खुब्यात एव्हीएन निघाला, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा असतो त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतल्या आत मरायला लागतं आणि हळूहळू गोळा चपटा होतो. कुणाला जास्त स्टिरॉइड घेतल्याने होतो, कुणाला दारूने, कुणाला जुना मार लागलेला असतो, माझ्या बाबतीत कारण सापडलंच नाही. वर्षभर लंगडत ऑफिस केलं, स्टेशनचा जिना कठड्याला धरून चढायचो, लोक मागून ढकलायचे. शेवटी गणपती विसर्जन झालं आणि पुढच्याच आठवड्यात टोटल हिप रिप्लेसमेंट, म्हणजे खुब्याचा अख्खा सांधा बदलायचं ऑपरेशन, करून घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्यानंतरचे नियम ज्यांनी पाळलेत त्यांनाच कळेल. पायावर पाय टाकायचा नाही. खाली वाकून काही उचलायचं नाही. झोपताना दोन पायांत उशी. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, म्हणजे सोफा बंद, मोडा बंद, कमोडवर उंची वाढवायचं ते प्लास्टिकचं भांडं लावायचं. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने केलेलं म्हणून हे सगळं इतकं कडक, प्रत्येकाला डॉक्टर वेगवेगळं सांगतात तेव्हा माझं वाचून कुणी स्वतःचे नियम ठरवू नका. पहिले पाच आठवडे वॉकर होता, भाड्याचा, महिन्याला ३०० रुपये आणि १००० डिपॉझिट. घरातल्या घरात हॉल ते किचन, किचन ते हॉल. दिवाळी तशीच गेली. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे राम मारुती रोडला दिवाळी पहाटेच्या गर्दीत जायचं म्हणजे जायचंच, ह्या वेळी लेक आईबरोबर गेली आणि मी खिडकीत वॉकर धरून उभा होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाच आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले आता काठीवर या. इथे मी चूक केली. घरी फिजिओ मॅडम यायच्या, वॉकरवर चालायला त्यांनीच शिकवलं, पण तेवढं जमल्यावर मीच त्यांना थांबवलं, दिवसाचे ६०० वाचतील म्हणून. आणि काठी मोबाइलवर बघून मागवली. चार पाय आहेत म्हणजे एका पायापेक्षा चौपट सेफ असणार असं वाटलं, रिव्ह्यू पण चांगले होते, दोन दिवसांत आली.

घरात ती काठी खरंच चांगली आहे. सोडली तरी उभी राहते, पडत नाही, आणि ज्याला वाकायची बंदी आहे त्याला ही फार मोठी गोष्ट आहे. टाइल्सवर चारी पाय एकदम टेकतात, पलंगावरून उठताना भक्कम आधार मिळतो. पण बिल्डिंगच्या गेटबाहेर आलो आणि सगळं बदललं. आपल्याकडचे फुटपाथ म्हणजे पेव्हर ब्लॉक, एक वर एक खाली, मधेच एखादा निघालेला, मधेच झाडाच्या मुळाने उचललेला. चार पायांतले तीन टेकतात, चौथा हवेत. तुम्ही वजन टाकलं की काठी त्या चौथ्या पायाकडे कलंडते. तिसऱ्याच दिवशी असं झालं, काठी कलंडली, मी डावीकडे गेलो आणि बायकोने दंडाला धरलं म्हणून वाचलो. नवीन खुबा निखळला असता तर काय झालं असतं ह्या विचाराने दोघंही गेटपाशी दहा मिनिटं नुसते उभे होतो. वॉचमनने खुर्ची आणली, ती पण बुटकी, बसता येईना.

त्यानंतर तीन आठवडे मी बाहेर पडलोच नाही. अप्पा रोज सकाळी विचारायचे, येतोस का खाली, मी म्हणायचो उद्या. अप्पा ७६ वर्षांचे आहेत, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले तेव्हापासून रोज पहाटे कचराळीला चालायला जातात, पावसात छत्री घेऊन जातात. त्यांनी एकदा पण जोर केला नाही. शेवटी वॉकर परत करायची तारीख आली म्हणून बायको म्हणाली चल तूच, दुकानात त्यांना दाखवू तरी.

तर दुकान. नौपाड्यात, गोखले रोडच्या बाजूच्या गल्लीत जुनं सर्जिकल दुकान आहे, छोटंसंच, बाहेर व्हीलचेअर साखळीने बांधून ठेवलेली असते. काउंटरवर साठीचे काका बसतात. मी आत शिरलो, चार पायांची काठी घेऊन, त्यांनी वॉकरकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होते.

"कुठला पाय साहेब?"

"डावा."

"मग काठी डाव्या हातात कशाला?"

मला वाटायचं जिकडे दुखतं तिकडेच आधार हवा ना. नाही. काठी उलट्या हातात धरायची. त्यांनी काउंटरबाहेर येऊन समजावलं आणि नंतर फिजिओ मॅडमनी पण तेच सांगितलं. आपण चालताना एक पाय उचलतो तेव्हा सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं आणि कंबर उचललेल्या बाजूला कलायला बघते. तिला सरळ ठेवायचं काम उभ्या पायाच्या खुब्याजवळचे स्नायू करतात, आणि ऑपरेशननंतर तेच स्नायू सगळ्यात कमजोर असतात, शिवाय त्यांच्या ओढीचा भार सांध्यावर येतो तो वेगळाच. काठी उजव्या हातात असली की जिकडे कंबर कलणार तिकडेच टेका मिळतो, डाव्या खुब्याला कमी ओढावं लागतं. चालायचं कसं तर काठी आणि डावा पाय बरोबर पुढे, मग उजवा. एवढी साधी गोष्ट. तीन आठवडे मी उलटं करत होतो.

मग उंची. मला म्हणाले रोजचे बूट हेच का, मी म्हटलं नाही, चप्पल घालून आलोय. तर म्हणाले मग आत्ता मापात अंदाज धरतो, घरी गेल्यावर बूट घालून परत बघा आणि फरक वाटला तर एक भोक वर घ्या. सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले, काठी बाजूला उभी धरली. मुठीची पातळी मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, घड्याळ बांधतो तिथली आडवी रेघ असते ना ती. मूठ धरली की कोपर किंचित वाकलेलं राहतं, तेवढंच हवं. माझी चार पायांची काठी तीन भोकं उंच होती! म्हणून खांदा वर चढायचा आणि मान दुखायची, मी समजत होतो उशीमुळे दुखतेय.

आणि एक, उजव्या हातात धरायची म्हटल्यावर त्या चार पायांच्या काठीचे पाय पण उलटे पडत होते. त्या काठीची एक बाजू सपाट असते आणि एक बाजू बाहेर पसरलेली, सपाट बाजू आपल्या पायाकडे हवी नाहीतर पाय अडकतो. बटण दाबून फिरवता येते, मला माहितीच नव्हतं. काकांनी फिरवून दिली, उंची कमी करून दिली, एक पैसा घेतला नाही आणि वर म्हणाले ही फेकू नका, घरात ठेवा, बाहेरसाठी साधी न्या. स्वतःहून १४०० ची सीटवाली काठी खपवू शकले असते, उघडली की स्टूल होतं ती, मी बोट दाखवून विचारलं पण. "ती तुम्हाला नाही, बुटकी आहे, तुम्हाला बसायला चालणार नाही." एवढं बोलून परत हुकला लावली. ह्या एका वाक्यासाठी मी त्या दुकानाला पैकीच्या पैकी देईन.

घेतलेली काठी ॲल्युमिनियमची, हलकी, खाली एक रबराचं बूट, उंची कमी-जास्त करायला भोकं आणि त्यात बसणारं बटण. बटण बसलं की टक असा आवाज येतो, तो आला पाहिजे, आणि मग खालची रिंग पिळून घट्ट करायची. ती रिंग सैल राहिली तर प्रत्येक पावलाला आतली नळी खडखड वाजते, पहिले दोन दिवस मला वाटलं काठीच डिफेक्टिव्ह आहे. मुठीचे तीन प्रकार होते. गोल वाकडी मूठ, सरळ आडवी मूठ आणि तळव्याच्या आकाराची रुंद मूठ. तळव्याच्या आकाराची धरायला सगळ्यात छान लागते पण ती डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते, ऑनलाइन घेणाऱ्यांनी हे नीट बघा, चुकीच्या हाताची आली तर बोटं कुठे ठेवायची कळत नाही. मी सरळ आडवी घेतली. हिच्या मुठीचं प्लास्टिक कडक आहे, अर्ध्या तासाने तळहात लाल होतो आणि घामाने हात सरकतो, ही माझी ह्या काठीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. बायकोने बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप आणून गुंडाळली, तेव्हापासून मस्त. मनगटात अडकवायची दोरी आहे ती जरूर लावा, फळवाल्याला पैसे देताना दोन्ही हात लागतात आणि काठी पडली तर आपण ती उचलू शकत नाही.

वॉकर परत घेतला, डिपॉझिटचे १००० पूर्ण दिले, ओरखडे-बिरखडे काही काढले नाहीत. पण एक गोष्ट खटकली आणि ती मी काकांना तोंडावर बोललो. दुकानाला दोन पायऱ्या आहेत आणि धरायला काहीच नाही. तिथे येणारं निम्मं गिऱ्हाईक माझ्यासारखंच असणार. एक पाइप भिंतीला लावायला किती खर्च येतो? ते म्हणाले सोसायटी परवानगी देत नाही, असेल, पण आत एखादं पोरगं हात द्यायला ठेवा तरी. आणि दुपारी दीड ते साडेचार बंद असतं, फोन केल्याशिवाय जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून, एक भोक वर घेऊन, अप्पांबरोबर खाली उतरलो. फिजिओ मॅडमना परत बोलावलं होतं, त्यांनी अप्पांनाच सांगितलं की तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला चाला, म्हणजे डावीकडे, आणि अर्धं पाऊल मागे. पुढे नाही, हात धरून नाही. पडायला लागला तर मागून कंबरेला धरता येतं. आता अप्पांचं चालणं असं की लहानपणापासून मी त्यांची पाठच बघितलीय, शाळेत सोडायचे तेव्हा पण दहा पावलं पुढे, मी धावत मागे. त्या दिवशी घरापासून कचराळीपर्यंत ते माझ्या मागे अर्धं पाऊल होते. त्यांच्या चपलेचा आवाज मला सगळ्या वाटेवर डाव्या कानाला येत होता. मी हळू झालो की ते हळू, मी थांबलो की ते थांबायचे, आणि एक शब्द बोलले नाहीत.

कचराळी तलाव ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्य बिल्डिंगला लागूनच आहे, तलावाभोवती चालायचा ट्रॅक आहे, सकाळी भरपूर लोक असतात. रस्त्यापेक्षा हजार पटीने बरं कारण गाड्या नाहीत आणि बसायला बाक आहेत. बाकाचं मात्र माझ्यासारख्यांनी बघून घ्या, कुठल्याही बागेत काही बाक उंच असतात काही बुटके. बायको पिशवीत घट्ट फोमची उशी घेऊन यायची, चार इंची, ती टाकून बसायचो, डावा पाय थोडा पुढे सोडून.

पहिल्या दिवशी उत्साहात पुढे पुढे गेलो आणि मग लक्षात आलं की जेवढं आलोय तेवढंच परत जायचंय, आणि पाय तर आत्ताच भरून आलाय. परतीला चार वेळा बसलो. त्यानंतर लेकीने मोबाइलवर टायमर लावायला घेतला, ती चौथीत आहे, शनिवार-रविवार आमच्याबरोबर येते. पाच मिनिटं झाली की "बाबा, वळा" म्हणजे वळायचं, मग कितीही छान वाटत असू दे. दर तीन-चार दिवसांनी एक-एक मिनिट वाढवत गेलो. संध्याकाळी खुबा ठणकला की दुसऱ्या दिवशी वाढवायचं नाही. पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला किंवा टाक्यांतून काही यायला लागलं तर मात्र वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर, हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळीच बजावलं होतं.

महिन्याभराने मॅडम आल्या तर त्यांनी काठी उलटी करून रबराचं बूट बघितलं. मी म्हटलं काय बघताय. बूट आतल्या बाजूने झिजलं होतं, माझ्या पायाकडच्या बाजूने, तिथल्या खाचा पुसून गुळगुळीत झालेल्या आणि दुसरीकडच्या खाचा नव्यासारख्या. त्या म्हणाल्या तुम्ही काठी फार लांब टेकताय, तिरकी पडते, म्हणून एकाच कडेवर भार येतो, आणि तुम्ही उजवीकडे झुकून चालताय. पायाच्या बाजूला अर्धी वीत, त्याच्या पलीकडे नाही. एका महिन्याचं माझं चालणं त्या रबरावर लिहिलेलं होतं. नवीन बूट ४० रुपयांना मिळालं, माझ्या काठीला १९ एमएमचं लागतं, तुमच्या नळीचं माप बघून घ्या, दोन जास्तीची घेऊन ठेवा. गुळगुळीत झालेलं बूट ओल्या फरशीवर साबणासारखं सरकतं. बाहेरून आल्यावर दारातच फडक्याने काठीचं बूट पुसायची सवय लावून घ्या, घरातल्या टाइल्सवर ती माती आणि ओल दोन्ही वाईट.

परवा रविवारी तलावपाळी. संध्याकाळची गर्दी म्हणून मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाल्या लवकर जा, चारला. भावाच्या गाडीतून गेलो, सीट पूर्ण मागे सरकवून, सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरून, आधी पाठमोरा बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे, पिशवीमुळे सरकायला सोपं जातं. गडकरी रंगायतनपाशी उतरलो. घरात चालताना आता काठी लागत नाही, खरं सांगायचं तर, पण गर्दीत ती हातात असली की लोक बघतात आणि बाजू देतात, धावत येणारी पोरं पण वळसा घालतात. ४६ व्या वर्षी काठी घेऊन बाहेर कसं पडायचं, ओळखीचं कुणी भेटलं तर, ह्याची मला आधी फार लाज वाटत होती. भेटले, तिघंजण भेटले. तिघांनी पहिलं विचारलं कसा आहेस, आणि एकाने विचारलं काठी कुठे मिळाली, त्याच्या आईला हवीय.

एका पायरीशी अडलो तेव्हा लेकीनेच सांगितलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, तिला माझ्या आधी पाठ झालंय. कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले, पाण्यात होड्या फिरत होत्या, लेक आणि बायको भेळ आणायला पुढे गेल्या. संपूर्ण फेरीला ३४ मिनिटं लागली, दोन वेळा बसून. शेवटचा टप्पा होता तेव्हा डाव्या बाजूला चपलेचा आवाज येईना म्हणून वळून बघितलं तर अप्पा मागे नव्हते, दहा पावलं पुढे गेले होते, हात मागे बांधून, पूर्वीसारखे.

दुकानाला साडेचार स्टार, अर्धा त्या पायऱ्यांचा कापला. साध्या काठीला चार, मुठीमुळे. चार पायांच्या काठीला घरात चार आणि आपल्या फुटपाथवर शून्य. पुढच्या रविवारी उपवन तलावाला जायचं ठरलंय, अप्पांनी आत्ताच सांगून ठेवलंय की साडेतीनला तयार राहायचं.